प्लेअरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे ऑडिओ आणि कॉल रेकॉर्डिंग येऊ नयेत म्हणून काय करावं?

तुमची अडचण अशी की वर्धा रोडवर गाडीत ब्लूटूथने गाणी शफलवर लावली की मध्येच एखादं कॉल रेकॉर्डिंग, नाहीतर मंडळाच्या ग्रुपवर आलेला नागपूरच्या मारबत मिरवणुकीतल्या घोषणांचा ऑडिओ सुरू होतो. फाइली ठेवायच्या आहेत, फक्त प्लेअरमध्ये नकोत. अँड्रॉइडवर हे नक्की जमतं. त्यासाठी सीताबर्डीच्या दुकानात फोन द्यायची गरज नाही भाऊ.

आधी कारण समजून घ्या. अँड्रॉइड सगळ्या ऑडिओ फाइलींची एक यादी ठेवतं आणि बहुतेक प्लेअर तीच यादी वाचतात. रिंगटोन, अलार्म, नोटिफिकेशन अशा ठरावीक फोल्डरांतल्या फाइलींवर तसा शिक्का बसतो. बाकी कुठेही पडलेली फाइल सहसा सरसकट संगीत म्हणून धरली जाते. त्यामुळे तुम्ही कापून बनवलेली रिंगटोन डाउनलोडमध्ये पडली असेल तर ती रिंगटोनच्या फोल्डरात हलवा, तेवढ्याने काम होतं.

बाकीच्यांसाठी, नको असलेला ट्रॅक वाजला की त्याच्या तपशिलात जाऊन फोल्डर बघा. नाव इंग्रजी 'एयूडी'ने सुरू होऊन पुढे तारीख आणि 'डब्ल्यूए' असेल तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑडिओ फाइल. 'पीटीटी'वाल्या व्हॉइस नोट्स सहसा दिसतच नाहीत, कारण त्यांचं फोल्डर व्हॉट्सअ‍ॅपने आधीच लपवलेलं असतं. तेच आपण 'व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ' फोल्डरला करायचं. अँड्रॉइड ११ पासून ते सहसा असं सापडतं: अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, मीडिया आणि त्याच्या आत 'व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ'.

नवीन फाइल बनवता येते असा फाइल मॅनेजर घ्या आणि त्यात 'लपलेल्या फाइली दाखवा' चालू करा. त्या 'व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ' फोल्डरात एक रिकामी फाइल बनवा, ती असली की अँड्रॉइड ते फोल्डर यादीत घेत नाही. तिचं नाव: आधी टिंब, मग जागा न सोडता इंग्रजी लहान अक्षरांत नोमीडिया (एन, ओ, एम, ई, डी, आय, ए). बस. पुढे काही नको. कॉम्प्युटरवर नोटपॅडने बनवली तर मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटतं आणि मग फाइल असूनही काही फरक पडत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

फाइल टाकण्याआधी त्या फोल्डरात आलेली खरी गाणी, भीमगीतं, भजनं जे हवं ते म्युझिक फोल्डरात हलवून घ्या, नाहीतर तीही यादीतून जातील. मग फोन रीस्टार्ट करा. जुन्या नोंदी लगेच गेल्या नाहीत तर थोडा वेळ द्या, स्कॅन पूर्ण व्हावं लागतं. सेटिंगमधून 'मीडिया स्टोरेज'चा डेटा पुसायचा सल्ला मिळेल, पण तो शेवटचा उपाय ठेवा, त्यात प्लेलिस्ट जाऊ शकतात.

कॉल रेकॉर्डिंगला मात्र मी ही फाइल लावणार नाही. काही रेकॉर्डर अ‍ॅप स्वतःच तीच यादी वाचतात, मग रेकॉर्डिंग त्यांनाही दिसत नाहीत. शिवाय काही ओप्पो-रियलमी फोनांत रेकॉर्डिंग म्युझिक फोल्डरच्या आतच साठतात. तिथे घाईत म्युझिक फोल्डरलाच नोमीडिया लावलं तर सगळी गाणी गायब! इथे प्लेअरच्या सेटिंगमधूनच फोल्डर वगळा. व्हीएलसीमध्ये मीडिया लायब्ररीचे फोल्डर निवडता येतात, पॉवरअँपमध्ये लायब्ररीखाली म्युझिक फोल्डर्समध्ये टिक काढता येते. छोटे ट्रॅक वगळायची सोय काही प्लेअरांत असते, पण दहा मिनिटांचं कॉल रेकॉर्डिंग त्या चाळणीतून सहज सुटतं.

व्हॉट्सअ‍ॅपमधली 'मीडिया व्हिजिबिलिटी' गॅलरीसाठी आहे, तिच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये ऑडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे नवीन कचरा येणंच कमी होईल. व्हॉइस मेसेज तरीही आपोआप उतरतात. आणि व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकलंत तर ते फोल्डर नव्याने बनतं, तेव्हा नोमीडिया फाइल परत टाकावी लागेल.