पोलिओचे थेंब पाजले, तरी बाळाला पोलिओचं इंजेक्शन कशासाठी?

कारण दोन्ही लसी वेगळं काम करतात. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या 2 थेंबांत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते आतड्यात वाढतात, तिथेच प्रतिकारशक्ती तयार होते आणि शौचावाटे होणारा प्रसार कमी होतो. इंजेक्शनात मृत विषाणू असतात. ते रक्तात प्रतिपिंडं तयार करून लकव्यापासून वाचवतात, पण आतड्यातला संसर्ग तितका रोखत नाहीत.

शिवाय एप्रिल 2016 पासून आपल्याकडच्या थेंबांत पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाइप 2 नसतो, फक्त 1 आणि 3 असतात. टाइप 2 पासूनचं संरक्षण इंजेक्शनातूनच मिळतं. म्हणून एकावर भागवू नका.

सरकारी केंद्रात 6 आणि 14 आठवडे व 9 महिने पूर्ण झाल्यावर 0.1 मिली लस दंडावर कातडीतच देतात. तिथे छोटी फुगवटी उठली म्हणजे लस नीट बसली, चोळू नका. खासगीत 0.5 मिली स्नायूत देतात, तीही चालते. इंजेक्शनची लस गोठली की निकामी होते, त्यामुळे ती 2 ते 8 अंशांतच हवी. थेंबांच्या बाटलीवर, उष्णतेने लस खराब झाली का हे दाखवणारी खूण असते; तिच्यातला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे ना, हे जरूर बघा.