बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या निवासगृहात काळजीचा दर्जा प्रमुखावर कितपत अवलंबून असतो?

बराच. पण प्रमुख नुसता कार्यालयात बसून नोंदवह्या तपासत असेल, तर फारसा नाही. जिम मॅन्सेल, ज्युली बीडल-ब्राऊन, क्रिस्टिन बिग्बी या संशोधकांनी ‘प्रॅक्टिस लीडरशिप’वर बरंच काम केलंय. तिचा गाभा असा: कर्मचारी काम करत असताना प्रमुखाने प्रत्यक्ष बघावं, काय चुकतंय ते सांगावं आणि गरज पडली तर स्वतः करून दाखवावं.

उदाहरणार्थ, कपडे धुणं. कर्मचाऱ्याने सगळं उरकलं तर काम झटपट होतं, घर चकाचक दिसतं आणि तिथे राहणारा माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहतो. त्याऐवजी मशीनमध्ये कपडे त्याने टाकावेत, बटण त्याने दाबावं. अडेल तिथेच हात द्यावा. याला वेळ जास्त लागतो. ड्युटी लावतानाच तो धरला नाही, तर चांगला कर्मचारीही शॉर्टकट घेतो. (माझ्या मते घोडं इथेच अडतं.)

माणसं पुरेशी हवीतच, पण नुसती संख्या वाढवून दर्जा वाढत नाही. घर पाहायला गेलात तर फायली नंतर चाळा. आधी अर्धा तास दिवाणखान्यात बसून कोण कोणाशी, किती वेळ बोलतं ते बघा.