सोयाबीन काढून रोटाव्हेटर मारला, लगेच हरभरा पेरला, उगवण निम्मीच. बियाणं बोगस निघालं का?

बियाण्याला शिव्या घालायच्या आधी तास (पेरलेली ओळ) उकरून बघा. दाणा पिशवीतल्यासारखा टणक सापडला तर दोष बियाण्याचा नाही, रानाचा.

आमच्याकडं (लातूरकडची भारी काळी जमीन) चुलतभावानं हेच केलं होतं. सोयाबीन निघालं की रोटाव्हेटर. ऑक्टोबरचं ऊन, खालची ओल उलथून वर आली आणि उडून गेली. रान दिसायला भुसभुशीत, पाय टाकला की घोटा आत. मधे पाला, धसकटं, सुपारीएवढी ढेकळं. उगवण विरळ दिसली तसा तो दुकानदाराशी भांडायला निघाला. मी म्हटलं, आधी ट्रॅक्टरच्या चाकामागचे तास बघ. तिथं हरभरा दाट! पिशवी तीच, पेरणीयंत्र तेच. तर म्हणे, "तिथं बी जास्त पडलं असेल." चाकामागचा फण काय जास्त बी सोडतो?

चाकानं माती दाबली, दाण्याला चिकटली, एवढंच. कोंब फुटायच्या आधी हरभरा स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी पितो. ते येतं अंगाला लागलेल्या मातीच्या कणांवरून. दाण्याहून मोठं ढेकूळ त्याला एखाद-दोन जागीच टेकतं. बाकी पोकळी, आणि पोकळीतून मिळते ती नुसती वाफ. म्हणून माती पिठासारखी करा असंही नाही, एक सर आली की पापडी धरते नि कोंब खालीच अडकतो.

आमचे आबा वाफशावर (माती ना चिखल, ना कोरडी) वखराची पाळी घालायचे, पाभरीनं (बैलाच्या पेरणीच्या अवजारानं) ओलीत पेरायचे आणि माती दाबायला लगेच मागं फळी. भाऊ त्याला "बैलाच्या जमान्यातलं" म्हणतो. अरे बाबा, पेरणीयंत्रामागं साखळीनं लाकडी फळी बांधायला कुणी अडवलंय? रोटाव्हेटरचा हप्ता चालू आहे म्हणून तो दरवर्षी मारायलाच हवा का?

आता, रान ओलं असेल तर फळी अजिबात नको, चिकण माती दबून घट्ट बसते. आणि तुमच्याकडं तुषार संच असेल, पेरल्यावर पाणी देता येत असेल, तर यातलं निम्मं विसरा.

बोगसचं म्हणाल तर पिशवीत उरलेले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. प्रमाणित हरभऱ्याचे किमान 85 उगवायला हवेत. कमी उगवले तर खुशाल दुकानदाराला धरा. आमचा भाऊ एकही दाणा न भिजवता गेला होता, आणि अजून त्या दुकानाची पायरी चढत नाही.