पहिल्या सेलला उतरताना

पुण्याच्या तापकीर गल्लीतून पीसी जुळवून आणलास, अभिनंदन! आता स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, ९०% सूट दिसली की हात शिवशिवणारच. जरा थांब.

आवडलेले गेम आधी विशलिस्टला टाक, भाव उतरला की ईमेल येतो. 'समर सेल' आपल्याकडे भर पावसाळ्यात, जूनअखेरीस लागतो. दुसरा मोठा डिसेंबरअखेर. घाई नको.

सगळ्यात महत्त्वाचं रिफंड. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील, तर पैसे परत मागता येतात. मी स्वस्त मिळाला म्हणून एक रेसिंग गेम घेतला होता. तिसऱ्या वळणावर गाडी रस्त्यातून आरपार खाली पडायची, दर वेळी तिथेच. पुढे सुधारेल म्हणत तीन तास घालवले आणि रिफंड हुकला. तू पहिल्या तासातच ठरव, आणि गेम घेतल्या दिवशीच चालवून बघ.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- गेमला लागणारी रॅम, ग्राफिक्स कार्ड आपल्या पीसीत आहे का ते न तपासता गेम घेणं
- एका रात्रीत दहा गेम उचलणं
- जुनेच रिव्ह्यू वाचणं; अलीकडचे वाच

डीएलसी (गेमला जोडायची जादा भर), बंडल (एकत्र विकले जाणारे गेम) नंतर बघू. या वेळी दोनच घे, आणि कोणते घेतलेस ते नक्की कळव.