१८० लिटरमधली दीड लिटर

प्रश्न : किडनी म्हणजे गाळणी म्हणतात. मग लघवी म्हणजे गाळून उरलेला चोथा का?

चहाची गाळणी डोळ्यांसमोर असते, म्हणून हा घोळ होतो. इथे गाळणीच्या वर राहतात त्या रक्तपेशी आणि प्रथिनं, म्हणजे कामाचा माल. खाली उतरतं ते पाणी. त्यात युरिया, क्रिएटिनिन असा कचरा असतो आणि साखर, मीठही. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून साधारण वीस लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली नलिका असे बारीक घटक. ते मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर, दिवसाला १८० लिटर गाळतात. अंगात रक्त जेमतेम पाच लिटर!

खरी करामत पुढच्या वळणावळणाच्या नलिकेत आहे. दिवाळीला माळा आवरताना आपण सगळं खाली काढतो आणि लागेल तेवढंच परत वर ठेवतो. नलिका तेच करते. साखर जवळपास सगळी, पाणी शंभरातलं नव्व्याण्णव भाग रक्तात परत जातं. कचरा ओळखत बसायची फारशी गरजच नाही. जे परत उचललं नाही, ते बाहेर. काही औषधं आणि आम्लं नलिका मुद्दाम लघवीत सोडते, ती वेगळी. हे सगळं होऊन उरते दीडेक लिटर लघवी.

प्रश्न : अकोल्याजवळ शेती आहे. मे महिन्यात चार लिटर पाणी पितो, तरी दिवसातून दोनदाच लघवी, तीही गडद पिवळी. किडनी बिघडली का?

बहुतेक नाही, उलट चोख काम करतेय. पाणी घामावाटे गेलं. रक्त थोडं घट्ट झालं की मेंदूकडून एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि नलिका आणखी पाणी परत ओढते. रंगद्रव्य तेवढंच, पाणी कमी, म्हणून रंग गडद. पण या काटकसरीलाही तळ आहे: रोजचा कचरा विरघळवून न्यायला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. म्हणून उन्हात तहानेची वाट न बघता पाणी प्या. सावलीत, भरपूर पाणी पिऊनही रंग उतरला नाही, किंवा पायांवर सूज आली, तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : शुगर वाढली की आईला रात्री चार-पाचदा उठावं लागतं. गोड पदार्थाचा लघवीशी काय संबंध?

साखर परत उचलण्याचीही मर्यादा असते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की नलिकेच्या हातून ती सुटते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त आणि मग तहानही. रात्रीचं पाणी तोडू नका, आधी शुगर तपासा. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या मात्र मुद्दामच लघवीतून साखर काढतात, त्यामुळे त्या चालू असतील तर लघवीतल्या साखरेवरून घाबरू नये.

प्रश्न : बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी हळदीसारखी होते.

जास्तीचं रायबोफ्लेविन, म्हणजे गोळीतलं पिवळं बी-२ जीवनसत्त्व, बाहेर पडतंय, बाकी काही नाही. बीट खाऊन काहींची लालसर होते. बीट न खाता लाल दिसली, तर मात्र त्याच दिवशी तपासून घ्या.