नैसर्गिक रंगद्रव्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरने का मोजतात?

मुख्य कारण रंगच. नेहमीच्या डीपीपीएच चाचणीत, म्हणजे अँटिऑक्सिडंटमुळे डीपीपीएच हे जांभळं रसायन किती फिकं पडतं ते पाहताना, ५१७ नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजतात, आणि आम्लात अँथोसायनिन हे वनस्पतींतलं लाल-जांभळं रंगद्रव्यही साधारण तिथेच, ५२० च्या आसपास, प्रकाश शोषतं. मग आकडा अभिक्रियेचा की रंगद्रव्याचा, हे सांगणं कठीण. सेन्सरला रंगाशी देणंघेणं नाही. रेणूने इलेक्ट्रोडला दिलेले इलेक्ट्रॉन तो मोजतो. व्होल्टामेट्रीच्या (व्होल्टेज बदलत प्रवाह मोजण्याच्या) आलेखात ऑक्सिडेशनचं शिखर जितक्या कमी व्होल्टेजला, तितक्या सहज तो रेणू इलेक्ट्रॉन देतो. शिखराच्या उंचीवरून प्रमाण कळतं. पीएच मात्र बफरने (पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणाने) स्थिर ठेवाच, नाहीतर शिखर सरकतं. खरी डोकेदुखी वेगळीच: फिनॉलिक रंगद्रव्यांचा थर कार्बन इलेक्ट्रोडवर बसतो आणि प्रवाह घटत जातो. त्यामुळे प्रत्येक मोजणीआधी इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या बारीक पुडीने घासा, किंवा एकदाच वापरायचे छापील इलेक्ट्रोड घ्या.