पशुपालकांचे प्रश्न : शेळीचा माज आणि फळवण्याची वेळ

या वेळी आलेली पत्रे बहुतेक शेळ्या फळवण्यासंबंधी, म्हणजे बोकडाकडून गाभण करून घेण्यासंबंधी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे सहा बकऱ्या आहेत, पण बोकड नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकाचा बोकड आहे, तिकडे न्याव्या लागतात. कधी बकरी उभीच राहत नाही, कधी लागते पण तीन आठवड्यांनी पुन्हा ओरडू लागते. नेमकी वेळ कशी ओळखावी?
— एक वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : शेळीचा माज, म्हणजे बोकडाला घेण्याची तिची तयारी, साधारणपणे दर २१ दिवसांनी येतो, दोन-तीन दिवस मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. एकदा आलेला माज बहुधा २४ ते ३६ तास टिकतो, मात्र पहिल्यांदाच माजावर आलेल्या पाठीत, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळीत, तो याहून कमी वेळात ओसरू शकतो. बीजांड बाहेर पडते ते माजाच्या सुरुवातीला नव्हे, तर माज संपत येतो त्या सुमारास, आणि बाहेर पडल्यावर ते काही तासच फलनक्षम राहते. बोकडाचे वीर्य त्याआधीच गर्भाशयात पोहोचलेले असावे लागते. आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा येथेच आहे. शेळी ओरडू लागताच घाईने नेली, तर ती अजून बोकडाला उभी राहण्याच्या अवस्थेत नसते. आणि दुसऱ्या दिवशी कामे आटोपून सवडीने नेली, तर वेळ टळून गेलेली असते.

ओरडणे हे लक्षण ठळक असले तरी केवळ त्यावर विसंबू नये. काही शेळ्या भूक लागली, पिल्लू दूर गेले किंवा कळपातून वेगळ्या केल्या तरीही तितक्याच ओरडतात. शेपटी सतत आणि झपाट्याने हलवणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, चारा टाकून इकडेतिकडे पाहणे, दुसऱ्या शेळीवर चढणे किंवा तिला आपल्यावर चढू देणे, दूध एकाएकी कमी होणे, योनीमार्ग लालसर व सुजलेला दिसणे ही लक्षणे एकत्र पाहावीत. यांत सर्वांत उपयोगी पडतो तो सोट, म्हणजे योनीमार्गातून येणारा चिकट स्राव. माजाच्या सुरुवातीला तो पातळ, काचेसारखा स्वच्छ असतो, पुढे गढूळ होतो आणि शेवटी घट्ट व पांढुरका होतो. स्वच्छ सोट गढूळ होऊ लागणे ही फळवण्याची योग्य वेळ समजावी.

व्यवहारात पाळण्याजोगा नियम असा की, सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी बोकडाला दाखवावी; संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. दोनदा नेण्याचा कंटाळा केला जातो, पण चुकलेला एक माज म्हणजे तीन आठवड्यांचा वाया गेलेला चारा असतो. अर्थात हा नियम उपयोगी पडावा यासाठी माज पहिल्या दिवशीच दिसला पाहिजे, म्हणून सकाळी शेळ्या सोडण्यापूर्वी आणि संध्याकाळी बांधल्यावर थोडा वेळ नुसते उभे राहून त्यांच्याकडे पाहण्याची सवय ठेवावी.

बोकड जवळ नसल्याने आपल्याला आणखी एक युक्ती करता येईल. बोकडाच्या शिंगांच्या मागच्या भागावर, जेथून त्याचा उग्र वास येतो, तेथे जुने फडके चांगले घासून ते झाकणाच्या बरणीत बंद ठेवावे. शंका आलेल्या शेळीसमोर ते धरले असता माजावरची शेळी शेपटी हलवत त्याच्याकडे ओढ घेते, इतर शेळ्या विशेष दखल घेत नाहीत. वास उडाला की फडके पुन्हा घासून आणावे.

फळवल्याची तारीख गोठ्यातील दिनदर्शिकेवर लिहावी आणि त्यानंतरच्या १८ व्या ते २३ व्या दिवसापर्यंत त्या शेळीवर विशेष लक्ष ठेवावे. या काळात ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तर गाभण असण्याची शक्यता बरीच वाढते. खात्री हवी असल्यास ३५ दिवसांनंतर सोनोग्राफी करून घेता येते. योग्य वेळी, चांगल्या बोकडाकडे नेऊनही शेळी लागोपाठ तीनदा उलटली, तर मात्र पशुवैद्यकाकडून तपासणी करावी.

प्रश्न : माझ्या कळपात बोकड वर्षभर मोकळाच असतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आणि नंतर ऐन पावसाळ्यात झालेली पिल्ले फार दगावली. बकऱ्या कोणत्या महिन्यात फळवाव्यात? दोन वर्षांत तीन वेत घ्यावेत असे सांगतात, ते आपल्या भागात जमेल का?
— एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : थंड प्रदेशातील शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. आपल्याकडील बेरारी किंवा उस्मानाबादी शेळीला ते बंधन नाही. चारापाणी नीट असेल तर ती वर्षाच्या कोणत्याही महिन्यात माज दाखवते. यामुळेच बोकड मोकळा सोडलेल्या कळपात वर्षभर, कोणत्याही ऋतूत पिल्ले होत राहतात. शेळीने महिना निवडला नाही, तर तो मालकाने निवडावा लागतो, आणि निवडताना फळवण्याच्या महिन्याकडे न पाहता विण्याच्या महिन्याकडे पाहावे.

गर्भकाळ साधारण १५० दिवसांचा असतो. १५ डिसेंबरला फळलेली शेळी १४ मेच्या आसपास विते. म्हणजे नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकलेला असताना आणि रानात हिरवे पान नसताना तिला दूध उतरवावे लागते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा पिल्लू जेमतेम दहा-बारा दिवसांचे असते. १ मार्चला फळलेली शेळी २९ जुलैच्या सुमारास विते. तेव्हा चारा भरपूर असतो, पण ओल्या जमिनीवरच्या पिल्लांना रक्ती हगवण आणि फुप्फुसदाह गाठतात. आपली पिल्ले दगावली ती बहुधा याच दोन महिन्यांच्या गणितामुळे.

आता सोयीचे महिने पाहू. १५ जूनला फळलेली शेळी १२ नोव्हेंबरच्या आसपास विते. पाऊस उघडलेला असतो, बांधावर हिरवे गवत असते, सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरात आलेले असते आणि पिल्लाला वाढायला पुढचे तीन-चार महिने सुखाचे मिळतात; फक्त रात्रीच्या थंडीत गोठ्याला आडोसा लागतो. १ ऑक्टोबरला फळलेली शेळी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विते, तेव्हा तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार उपलब्ध होते आणि कडक ऊन तापेपर्यंत पिल्लू चारा खाऊ लागलेले असते. नागपूर जिल्ह्यासाठी जून-जुलै आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे दोन फळवण्याचे हंगाम धरावेत, असे आमचे मत आहे.

दोन वर्षांत तीन वेत घ्यायचे म्हणजे दर आठ महिन्यांनी एक वीत (एकदा विणे) : पाच महिने गर्भकाळ आणि विल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा फळवणे. हे शरीराला शक्य आहे, मात्र हिशोब करून पाहिल्यास नोव्हेंबरनंतरचा वीत जुलैमध्ये आणि त्यानंतरचा मार्चमध्ये येतो. तिनांतला एक वीत पावसात सापडणारच. ज्यांच्याकडे जमिनीपासून उंच, फटी असलेले लाकडी माचाण आणि कोरडा गोठा आहे, त्यांनी हे चक्र जरूर चालवावे. ज्यांच्या शेळ्या मातीच्या जमिनीवर बसतात, त्यांनी फेब्रुवारीत फळवणे टाळून जूनपर्यंत थांबणे पत्करावे. वर्षाला एकच वीत होईल, पण पिल्ले हाती लागतील. सरसकट सर्वांना तीन वितांचा सल्ला देणे आम्हाला पटत नाही.

यासाठी बोकड वेगळा बांधावाच लागेल. त्याचे तोटे नाहीत, उलट एक फायदा आहे. तीन-चार आठवडे बोकडाचे दर्शन, आवाज आणि वास यांपासून पूर्ण दूर राहिलेल्या शेळ्यांमध्ये तो एकाएकी आणला, तर बऱ्याचशा शेळ्या पुढच्या आठवडा-दहा दिवसांत माजावर येतात. काहींचा पहिला माज अपुरा असतो आणि पाच-सहा दिवसांत परत येतो. त्यामुळे बोकड दोन महिने तरी कळपात ठेवावा. बोकड सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून प्रत्येक शेळीला रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा किंवा तुरीची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) दिली, तर जुळ्यांचे प्रमाण वाढण्यास मदत होते. हा खुराक हडकुळ्या शेळ्यांना अधिक मानवतो, आधीच गुबगुबीत असलेल्या शेळीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. तीव्र उन्हाने बोकडाच्या वीर्याची प्रत घसरते आणि शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागत असल्याने मे महिन्यातील उन्हाचा परिणाम जुलैच्या मध्यापर्यंत जाणवू शकतो. जूनमध्ये फळवायचे असेल तर एप्रिलपासून बोकडाला गर्द सावली, दिवसभर थंड पाणी आणि दुपारी ओल्या गोणपाटांचा आडोसा द्यावा. शेळ्यांची एवढी काळजी घेणारे लोकही बोकड पत्र्याखाली बांधतात, हे आश्चर्यच आहे.

प्रश्न : सात महिन्यांची पाठ माजावर आली आहे. फळवावी का?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : वय पाहू नये, वजन पाहावे. प्रौढ शेळीच्या वजनाच्या किमान ६० ते ६५ टक्के वजन झाल्यावरच पाठ फळवावी. आपल्याकडील मध्यम बांध्याच्या शेळ्यांमध्ये हे २० ते २२ किलो होते आणि बऱ्या खाद्यावर त्यास दहा-बारा महिने लागतात. लहान वयात गाभण राहिलेल्या पाठीची वाढ खुंटते, वितानाही अडचण येते. दुसरे असे की, नर पिल्ले चार-पाच महिन्यांतच प्रजननक्षम होतात, म्हणून तिसरा महिना संपताच नर आणि मादी पिल्ले वेगळी करावीत. विकायचे नर त्याआधीच खच्ची करून घेतलेले बरे.

प्रश्न : चार बकऱ्या चार महिन्यांपासून माजावरच येत नाहीत. एक इंजेक्शन दिले की तीन दिवसांत माज येतो, असे एकाने सांगितले. द्यावे का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : तपासणी केल्याशिवाय मुळीच देऊ नये. माजावर आणण्यासाठी वापरले जाणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध अंडाशयावरील पीतपिंड, म्हणजे बीजांड सुटलेल्या जागी तयार होणारी गाठ, नष्ट करते. शेळीमध्ये गर्भ टिकून राहणे गर्भकाळाच्या शेवटापर्यंत याच पीतपिंडावर अवलंबून असते, त्यामुळे ती गाभण असेल तर गाभडते, म्हणजे तिचा गर्भपात होतो. चार महिने माज न दिसण्याचे सर्वांत साधे कारण ती गाभण आहे, हेच असते आणि चोरून लागलेला माज मालकाला ठाऊक नसतो. शिवाय ज्या शेळीच्या अंडाशयावर पीतपिंडच नाही, तिला या इंजेक्शनाचा उपयोगही होत नाही.

आधी सोनोग्राफी करून घ्यावी. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात त्यासाठी विचारणा करता येईल. शेळ्या रिकाम्या निघाल्या तर प्रथम जंतनाशक आणि खनिज मिश्रण देऊन खुराक सुधारावा, आणि महिनाभराने वर सांगितल्याप्रमाणे नवा बोकड आणावा. काही शेळ्यांचा माज मुका असतो, म्हणजे बाहेरून लक्षणे दिसत नाहीत, पण बोकड त्यांना ओळखतो.

प्रश्न : एका बोकडाला किती बकऱ्या पुरतात? आणि ईदेच्या बाजारासाठी नर तयार करायचे असल्यास काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पूर्ण वाढलेल्या बोकडाला हंगामात २५ ते ३० शेळ्या, वर्षाच्या आतील बोकडाला १० पेक्षा जास्त देऊ नयेत. त्याच्या मुली फळण्याच्या वयाच्या होण्याआधी बोकड बदलावा.

बकरी ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते आणि कुर्बानीचा बोकड त्या दिवशी एक वर्षाचा पूर्ण असावा लागतो. म्हणून ज्या ईदेला विकायचे आहे, तिच्या किमान १७ महिने आधी शेळी फळलेली हवी. चांगले वजन हवे असल्यास १९ ते २० महिने धरावेत. ही तारीख वर सांगितलेल्या दोन हंगामांत बसत नसेल, तर ईदेसाठी गोठ्यातच पाळता येतील एवढ्या दोन-चार निवडक शेळ्या वेगळ्या फळवाव्यात आणि उरलेला कळप ऋतूप्रमाणेच चालू द्यावा.